दम आधी परततो, टेंडन मागाहून: अकिलीसच्या १४ महिन्यांच्या दुखण्यानंतर पुन्हा लांब पल्ल्याचं धावणं

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या धावपटू ४३ वर्षांच्या. काम बैठं, वजन ५८ किलो, ९ वर्षांपासून नियमित धावणं. आठवड्यात ४ दिवस मिळून ४५ ते ५० किलोमीटर व्हायचे. अनेक हाफ मॅरेथॉन झालेल्या, त्यातली सर्वांत चांगली वेळ १ तास ५३ मिनिटं, आणि एक पूर्ण मॅरेथॉन. नाव-गाव आणि ओळख पटेल असे तपशील इथे वगळले आहेत.

दुसऱ्या मॅरेथॉनच्या तयारीत त्यांनी ५ आठवड्यांत आठवड्याचं अंतर ४८ वरून ६६ किलोमीटरवर नेलं आणि त्याच काळात चढावरची धाव नव्याने सुरू केली. चौथ्या आठवड्यात, सकाळी अंथरुणातून उठल्यावर उजव्या टाचेच्या वर आखडल्यासारखं व्हायला लागलं. पाचेक मिनिटांत पाय मोकळा व्हायचा. धावताना पहिले २ किलोमीटर दुखायचं, मग दुखणं जायचं. ‘पाय गरम झाला की बरं वाटतं,’ एवढ्या भरवशावर पुढचे ७ आठवडे त्या धावत राहिल्या. शेवटी २६ किलोमीटरच्या लाँग रनमध्ये १९व्या किलोमीटरला थांबावं लागलं आणि तिथून लंगडत परतावं लागलं.

अकिलीस म्हणजे पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारं जाड टेंडन, दोरीसारखा पट्टा. त्याच्या दुखण्यात ही फसगत नेहमीची आहे. टेंडन हालचालीने तापलं की दुखणं काही वेळ झाकलं जातं. त्यामुळे धावताना काय वाटतं यावरून टेंडनची खरी अवस्था कळत नाही. पुढच्या सगळ्या योजनेत याच एका गोष्टीने सर्वांत जास्त निर्णय ठरवले.

१४ महिने कसे गेले

पहिल्यांदा ६ आठवडे पूर्ण विश्रांती घेतली. दुखणं थांबलं, म्हणून पहिल्याच आठवड्यात ८ किलोमीटरची धाव केली. तिसऱ्या आठवड्यात दुखणं परत.

दुसऱ्यांदा ८ आठवडे विश्रांती, सोबत पोटरीचं स्ट्रेचिंग, लावायचं जेल आणि सूज-दुखणं कमी करणाऱ्या गोळ्या. या वेळी सावधपणे एक दिवसाआड ५ किलोमीटर. ५ आठवडे निभावले, मग पुन्हा तेच.

तिसऱ्यांदा फोनवर पाहून पायरीच्या कडेवर उभं राहून टाच खाली सोडण्याचा व्यायाम सुरू केला. हाच व्यायाम हाकान आल्फ्रेडसन यांच्या गटाने १९९८ मध्ये मांडला: १५-१५चे ३ संच, सरळ आणि वाकवलेल्या गुडघ्याने, दिवसातून २ वेळा, १२ आठवडे. त्या मूळ पद्धतीत व्यायाम करताना थोडं दुखणं चालतं, हे मात्र त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. दुखतंय म्हणजे इजा वाढतेय असं समजून त्यांनी तो ३ आठवड्यांत सोडला. त्यानंतर साडेपाच महिने धावणं बंद, फक्त सायकल. त्यातून परतल्या तेव्हा दुसऱ्याच धावेत दुखणं उलटलं.

तीनही प्रयत्न पाहिले तर नमुना एकच दिसतो. विश्रांतीत दुखणं जात होतं, पण टेंडनची आणि पोटरीची भार पेलायची ताकद दर वेळी आणखी खाली जात होती. सायकलमुळे दम मात्र शाबूत होता. म्हणजे परत येताना इंजिन जवळजवळ तेच आणि जोडणी पहिल्यापेक्षा कच्ची.

तपासणीत काय दिसलं

दाबल्यावर दुखणारी जागा टाचेच्या हाडाला टेंडन चिकटतं तिथून ४ सेंटीमीटर वर होती. टेंडनच्या मधल्या भागाचा आजार बहुधा २ ते ६ सेंटीमीटरच्या पट्ट्यात असतो, त्यामुळे ही जागा नेमकी त्यात बसत होती. हा फरक कागदी नाही. दुखणं थेट हाडाजवळ असेल तर टाच पायरीखाली सोडल्याने टेंडन हाडावर दाबलं जातं आणि दुखणं वाढतं. अशा वेळी व्यायाम सपाट जमिनीवरच करतात. पुढे दिलेली योजना टाचेच्या हाडाजवळच्या दुखण्याला जशीच्या तशी लावू नये.

पोटरी दाबल्यावर पाऊल नीट हलत होतं, म्हणजे टेंडन तुटलेलं नव्हतं. (धावताना मागून कोणी फटका मारल्यासारखं वाटून एकदम ताकद गेली, तर व्यायामाच्या फंदात न पडता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.) सोनोग्राफीत उजवं टेंडन ९ मिलीमीटर जाड, डावं ५, मधे काळसर भाग, नव्या रक्तवाहिन्या, फाटलेला भाग नाही.

खरं चित्र मोजमापांत होतं. एका पायावर उभं राहून टाच पूर्ण उचलणं डाव्या पायाने २४ वेळा जमलं, उजव्याने ९ वेळा, आणि पाचव्यापासून उंची कमी होत गेली. उजव्या पोटरीचा घेर १.८ सेंटीमीटरने कमी भरला. भिंतीजवळ पाऊल ठेवून गुडघा भिंतीला टेकवण्याच्या चाचणीत दोन्ही घोटे सारखेच वाकत होते. म्हणजे घोटा आखडलेला नव्हता आणि इतके महिने केलेलं स्ट्रेचिंग जिथे अडचण नव्हती तिथे चाललं होतं. अकिलीससाठी वापरतात त्या व्हिसा-ए प्रश्नावलीत (गुण जितके जास्त तितका त्रास कमी) १०० पैकी ४६ गुण आले.

काही प्रश्न मुद्दाम विचारले गेले. अलीकडे सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन गटातली प्रतिजैविकं घेतली होती का? या औषधांनी टेंडनला इजा होऊ शकते; अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००८ मध्ये त्यावर ठळक इशारा छापायला लावला. स्टेरॉइड चालू आहेत का, सकाळी पाठ बराच वेळ आखडते का, सोरायसिस आहे का, कोलेस्टेरॉल आणि साखर किती? उत्तरं सगळी समाधानकारक होती. नसती, तर व्यायामाआधी तिकडे बघावं लागलं असतं.

एक गोष्ट त्यांनी सहज सांगितली म्हणून कळली. त्या दिवसातून वीसेक वेळा टेंडन चिमटीत धरून ‘अजून दुखतंय का’ बघत होत्या.

कोणते पर्याय होते

आणखी विश्रांती हा पर्याय सर्वांत आधी बाद झाला. तो तीनदा करून झाला होता.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे आराम पडू शकतो, पण भार घेणाऱ्या टेंडनजवळ ते दिल्याने टेंडन तुटण्याची भीती असते. लांब पल्ल्याला परतायचं असेल तर हा व्यवहार तोट्याचा. स्वतःच्या रक्तातून काढलेल्या प्लेटलेटच्या इंजेक्शनाबद्दल त्यांना बरीच आशा होती. २०१० आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चांगल्या चाचण्यांत मात्र ते तुलनेसाठी दिलेल्या नुसत्या नावापुरत्या उपचारापेक्षा सरस ठरलेलं नाही, हे त्यांना स्पष्ट सांगितलं. शॉकवेव्ह, म्हणजे यंत्राने बाहेरून दिलेल्या दाबलहरी, जोडीला चालली असती, पण एकट्याने नाही, म्हणून राखून ठेवली. शस्त्रक्रियेचा विचार नीट केलेले व्यायाम निदान ६ महिने होऊनही फरक नसेल तर करतात. इथे सलग १२ आठवडे योग्य भार एकदाही दिला गेला नव्हता.

उरले दोन रस्ते. भाराचे व्यायाम आणि सोबत थोडं धावणं, किंवा आधी व्यायाम आणि नंतर धावणं. कारिन सिल्बरनागेल यांच्या २००७च्या अभ्यासात ३८ रुग्णांपैकी एका गटाला दुखण्याची मर्यादा सांभाळून धावणं आणि उड्या चालू ठेवू दिल्या होत्या. त्याने नुकसान झालं नाही. म्हणजे धावणं बंद करणं सक्तीचं नव्हतं. तरीही ६ आठवडे धावणं थांबवायचं ठरलं. एका पायावर जागच्या जागी उडी मारताना दुखणं १० पैकी ६ होतं आणि टाच ९ वेळाच उचलली जात होती. धावताना अकिलीसवर शरीराच्या वजनाच्या साधारण ६ ते ८ पट ओढ येते. ५८ किलोच्या माणसाला ती साडेतीनशे किलोच्या वर जाते, आणि एका किलोमीटरला तसं एकेका पायावर ५०० वेळा होतं. ९ वेळा टाच उचलणाऱ्या पायाला तिथे पाठवायचं कशाच्या बळावर, असा विचार होता. हा निर्णय जरा जास्तच सावध होता का, ते शेवटी येईलच.

सकाळची चाचणी

योजनेचा कणा व्यायाम नव्हता, मोजणी होती. रोज उठल्यावर काही मिनिटं घरात चालायचं, मग अनवाणी, भिंतीला बोटं टेकवून उजव्या पायाची टाच १० वेळा उचलायची. दुखणं ० ते १० मध्ये लिहायचं. सकाळचा आखडलेपणा किती मिनिटं राहिला तेही लिहायचं. दिवसभरात टेंडनला हात लावायचा नाही. चिमटीत धरून पाहणं बंद झाल्यावर दोनच आठवड्यांत त्यांचं लक्ष टाचेवरून बरंच हटलं, आणि त्याचा फायदा कमी लेखू नये.

सुरुवातीचा आकडा ३ होता. नियम असा ठरला: भार दिल्याच्या दुसऱ्या सकाळी आकडा नेहमीइतका किंवा १ने जास्त असेल तर पुढे जायचं. २ने जास्त असेल तर तोच टप्पा पुन्हा. ३ किंवा अधिकने वाढला, किंवा आखडलेपणा अर्ध्या तासावर गेला, तर पुढची धाव वगळून दोन टप्पे मागे. व्यायाम करताना ५ पर्यंत दुखणं चालेल, धावताना ३ पर्यंत.

दुसरी सकाळ का? जोरदार भारानंतर टेंडनमध्ये पहिले २४ ते ३६ तास कोलॅजेनची (टेंडन ज्या प्रथिनाच्या तंतूंनी बनतं त्याची) मोडतोड बांधणीपेक्षा जास्त होते. त्यानंतर बांधणी वरचढ होते आणि ती साधारण ७२ तासांपर्यंत चालते. धाव संपल्या संपल्या पाय छान वाटतो, त्याला म्हणूनच किंमत नाही. आणि सलग दोन दिवस धावलं तर टेंडन मोडतोडीच्याच काळात पुन्हा भार घेतं.

भाराचे व्यायाम

पहिले २ आठवडे दोन्ही पायांवर, सपाट जमिनीवर. टाचा अर्ध्या उंचीवर धरून ४५ सेकंद थांबणं, असं ५ वेळा, रोज. एक दिवसाआड १५-१५चे ३ संच.

तिसऱ्या आठवड्यापासून संथ आणि जड व्यायाम, आठवड्यातून ३ दिवस. दोनच प्रकार: उभं राहून सरळ गुडघ्याने, आणि बसून वाकवलेल्या गुडघ्याने मांडीवर वजन ठेवून. बसून केलेल्या व्यायामात सोलियस, म्हणजे पोटरीतला खोलवरचा स्नायू, जास्त काम करतो, आणि लांब पल्ल्याच्या धावेत सर्वांत जास्त राबतो तोच. दुखणं टेंडनच्या मधल्या भागात होतं, म्हणून चौथ्या आठवड्यापासून उभं राहून करायचा व्यायाम पायरीवर नेला. वजन असं निवडायचं की ठरलेल्या आकड्यानंतर आणखी एकही जमणार नाही: आधी १५, मग १२, १०, ८ आणि शेवटी ६. वर जायला ३ सेकंद, खाली यायला ३ सेकंद, संचांमध्ये २ ते ३ मिनिटं विसावा. उभं राहून करताना त्या निव्वळ शरीराच्या वजनापासून पाठीवरच्या पिशवीत १४ किलोपर्यंत पोचल्या; बसून, एका पायावर, २० किलोपासून ४५ किलोपर्यंत.

चुका जवळजवळ ठरलेल्याच होतात. थकल्यावर पाऊल करंगळीकडे कलंडतं आणि भार टेंडनच्या एकाच बाजूला जातो. अंगठ्याच्या मुळाखाली दुमडलेला कागद ठेवून तो दाबून धरायला सांगितल्यावर हे सुटलं. उंची हळूहळू घटते, म्हणून डोक्याच्या किंचित वर भिंतीवर खूण केली. सरळ गुडघ्याच्या व्यायामात गुडघा नकळत वाकतो. आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे वजन न वाढवणं. २० वेळा आरामात जमतंय त्याच वजनावर महिनाभर राहिलं तर व्यायाम केल्याचं समाधान मिळतं, टेंडनला मात्र बदलायचं काही कारण मिळत नाही.

धावणं सुरू झाल्यावर जड व्यायाम आणि धाव एकाच दिवशी ठेवले, आधी धाव आणि काही तासांनी व्यायाम, म्हणजे मधला दिवस टेंडनला पूर्ण मोकळा मिळतो. ‘आज धाव, उद्या व्यायाम’ हे वेळापत्रक दिसायला समतोल असलं तरी त्यात टेंडनला मोकळा दिवसच उरत नाही.

धावण्याकडे परत

सहाव्या आठवड्याअखेर उजवी टाच १६ वेळा पूर्ण उंचीवर जात होती, ४५ मिनिटं भरभर चालल्यावर सकाळचा आकडा हलत नव्हता, आणि एका पायावर २० उड्या मारताना दुखणं २ होतं. सातव्या आठवड्यात पहिली धाव झाली: १ मिनिट धावणं, २ मिनिटं चालणं, ८ वेळा, दर तिसऱ्या दिवशी. सपाट रस्ता. उतरत्या कडेच्या रस्त्यावर नाही, कारण तिथे दोन्ही पाऊलं वेगवेगळ्या कोनात पडतात. ट्रेडमिलही नको असं ठरलं. ट्रेडमिलवर अकिलीसवरचा भार रस्त्यापेक्षा कमी नसतो, काही मोजमापांत तो जास्तच आढळला आहे.

आठव्या आठवड्यात तोच टप्पा पुन्हा करावा लागला. पुढे आठवड्यागणिक २ मिनिटं धाव ६ वेळा, ३ मिनिटं ५ वेळा, ५ मिनिटं ४ वेळा, ८ मिनिटं ३ वेळा, १२ मिनिटं २ वेळा. मधे दर वेळी २ मिनिटं चाल. चौदाव्या आठवड्यात सलग ३० मिनिटं, किलोमीटरला ६ मिनिटं ५० सेकंदांच्या वेगाने. सकाळचा आकडा २ वर स्थिरावला होता.

सोळावा आठवडा

इथे घसरगुंडी झाली. दम अगदी पूर्वीसारखा लागत होता आणि सावकाश धावणं त्यांना कृत्रिम वाटायला लागलं होतं. जुन्या मंडळींबरोबर त्या ८ किलोमीटर धावल्या, किलोमीटरला ५ मिनिटं ३० सेकंदांनी. पायात त्याच दिवशी आणलेले बूट. जुन्या बुटांची टाच पुढच्या भागापेक्षा १० मिलीमीटर उंच होती, नव्यांची ४. धावताना दुखणं १० पैकी १. दुसऱ्या सकाळी ६, आणि आखडलेपणा ५० मिनिटं.

अंतर, वेग आणि बूट, तीनही गोष्टी एकाच दिवशी बदलल्यामुळे दोष कशाचा हे नेमकं सांगता येत नाही. आमच्या मते वेगाचा वाटा सर्वांत मोठा असावा. ताशी साधारण २५ किलोमीटरपर्यंत धावपटू वेग वाढवतो तो मुख्यतः पावलाची लांबी वाढवून, आणि ती वाढते पोटरीने जमिनीला दिलेल्या रेट्यातून. म्हणजे हौशी धावपटूच्या पट्ट्यातला जवळजवळ प्रत्येक वाढीव वेग अकिलीसच्या खात्यावर लिहिला जातो. टाच कमी उंच असली की घोटा जास्त वाकतो, त्याची भर वेगळी.

आता काय करायचं, हा या प्रकरणातला सर्वांत नाजूक निर्णय होता. त्यांची पहिली प्रतिक्रिया होती सगळं बंद करायची. म्हणजे चौथ्यांदा तेच चक्र. त्याऐवजी धावणं ५ दिवस थांबवलं, पण भार थांबवला नाही. अर्ध्या उंचीवर टाचा धरून ठेवणं रोज, जड व्यायाम नेहमीच्या वजनाच्या सुमारे ७० टक्क्यांवर, पायरीऐवजी सपाट जमिनीवर, आणि चालणं चालूच. नवव्या दिवशी आकडा परत २ वर आला. मधे, सहाव्या दिवशी, ५ मिनिटं ४ वेळा या टप्प्यापासून धाव पुन्हा सुरू झाली होती. एकूण नुकसान ३ आठवड्यांचं झालं. आधीच्या प्रत्येक उलटण्यात ते महिन्यांचं होतं. त्यांचा या योजनेवर विश्वास बसला तो याच आठवड्यांत, सुरळीत चाललेल्या आठवड्यांत नाही.

अंतर, मग वेग, मग चढ

विसाव्या आठवड्यात ३ धावा मिळून १८ किलोमीटर होत होते. इथून पुढे एका वेळी एकच गोष्ट वाढवायची: आधी एकेका धावेचा वेळ, मग दिवस, मग वेग, सर्वांत शेवटी चढ. आठवड्याला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नये हा प्रसिद्ध नियम इथे वापरला नाही. १८ किलोमीटरवर तो पावणेदोन किलोमीटर देतो, ६० वर ६. टेंडनला टक्केवारी कळत नाही. त्यापेक्षा एका धावेवर लक्ष ठेवलं: गेल्या महिन्यातल्या सर्वांत लांब धावेपेक्षा कोणतीही धाव १० टक्क्यांहून जास्त लांब नको. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५ हजारांहून अधिक धावपटूंच्या एका अभ्यासातही इजेचा संबंध आठवड्याच्या बेरजेपेक्षा एखाद्या धावेच्या अंतरातल्या अशा एकदम वाढीशी जास्त दिसला. २ आठवडे वाढ, तिसरा आठवडा तिथेच.

दोरीवरच्या उड्या एकविसाव्या आठवड्यापासून, ३० सेकंद ३ वेळा. चोविसाव्यापासून सावकाश धावेच्या शेवटी २० सेकंदांच्या जलद धावा, ६ वेळा. अठ्ठाविसाव्यापासून ३ मिनिटांचे ४ इंटरव्हल (मधे विसावा घेत जलद धावायचे तुकडे), आणि दोन जलद दिवसांत ७२ तासांचं अंतर. चढ बत्तिसाव्या आठवड्यात. नवे बूट आठवड्यातून एकदा, सर्वांत लहान धावेला, असे हळूहळू आणले.

मधेच एक अनपेक्षित गोष्ट झाली. बाविसाव्या आठवड्यात डावी पोटरी दुखायला लागली. मोजलं तेव्हा उजवी टाच २३ वेळा जात होती आणि डावी २१. पाच महिने सगळं लक्ष उजव्या पायाला देताना डावा जिथल्या तिथे राहिला होता, किंबहुना घसरला होता. जड व्यायाम दोन्ही पायांना लावल्यावर ते ३ आठवड्यांत आटोक्यात आलं.

निकाल

चव्वेचाळिसाव्या आठवड्यात त्यांनी हाफ मॅरेथॉन २ तास ४ मिनिटांत पूर्ण केली. दुसऱ्या सकाळी आकडा २, तिसऱ्या दिवशी नेहमीचा १. आठवड्याचं अंतर ४० किलोमीटरच्या आसपास. टाच उचलणं उजव्याने २५, डाव्याने २७. व्हिसा-ए बाराव्या आठवड्यात ६८, चोविसाव्यात ८१ आणि आता ९१.

टेंडन हाताला अजून जाड लागतं. सोनोग्राफी पुन्हा केली नाही, आणि ती मुद्दामच केली नाही. दुखणं गेल्यावरही चित्र बराच काळ तसंच राहू शकतं; ते पाहून धावपटू घाबरतो आणि निर्णय काहीच बदलत नाही. जड व्यायाम आठवड्यातून २ दिवस चालू आहेत. पूर्ण मॅरेथॉन या हंगामात नाही असं त्यांनी स्वतः ठरवलं. पुढची अट त्यांच्याच वहीत लिहिलेली आहे: सलग ८ आठवडे ४५ किलोमीटर, सकाळचा आकडा २ च्या वर न जाता.

काय वेगळं करता आलं असतं

सकाळचा आखडलेपणा सुरू झाला त्याच आठवड्यात चढावरची धाव थांबवून अंतर ५० च्या आत आणलं असतं आणि टाचेचे व्यायाम सुरू केले असते, तर बहुधा हे प्रकरण दोन-तीन महिन्यांत आटोपलं असतं. पहिल्या ६ आठवड्यांच्या विश्रांतीतही भाराचे व्यायाम दुसऱ्या आठवड्यापासून करता आले असते.

सोळाव्या आठवड्यातल्या घसरणीचा दोष फक्त धावपटूवर टाकणं अन्यायाचं होईल. योजनेत मिनिटं लिहिली होती, चाचण्या लिहिल्या होत्या, वेगाची मर्यादा मात्र कुठेही लिहिलेली नव्हती. ‘सावकाश धावा’ ही मर्यादा नाही. ९ वर्षं धावलेल्या आणि दम शाबूत असलेल्या माणसाला किलोमीटरला ६ मिनिटंही सावकाश वाटतात. विसाव्या आठवड्यापर्यंत ६ मिनिटं ३० सेकंदांपेक्षा जलद नाही, गटाबरोबर धावणं नाही, बूट बदलायचे तर आधी सांगायचं, एवढं पहिल्याच दिवशी कागदावर असायला हवं होतं.

सुरुवातीला ६ आठवडे धावणं बंद ठेवण्याबद्दल आजही दोन मतं आहेत. फिजिओथेरपिस्टच्या मते ते बरोबर होतं, कारण तीन अपयशांनंतर चौथं परवडणारं नव्हतं. प्रशिक्षकाच्या मते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ३० सेकंदांच्या धावांनी सुरुवात केली असती तर दुखण्याची धास्ती लवकर गेली असती आणि दम आणि टेंडन यांच्यातली दरी इतकी वाढली नसती. आमचा कल दुसऱ्या मताकडे आहे, पण सकाळची चाचणी रोज लिहिणारा धावपटू असेल तरच.

डाव्या पायाची मोजणी पहिल्या दिवसानंतर थेट बाविसाव्या आठवड्यात झाली. ती दर ४ आठवड्यांनी व्हायला हवी होती, आणि व्यायामाचा निदान एक संच पहिल्यापासून डाव्या पायालाही.